पहिली आणि शेवटची ओळ

आमच्या पाणीखात्यात तक्रारींच्या पत्रांवर शेरा मारायचं काम तात्यांकडे होतं. पहिली ओळ वाचायची, शेवटची वाचायची, मधलं रडगाणं सोडून द्यायचं. दिवसाला दोनशे पत्रं हातावेगळी व्हायची. साहेब आम्हाला सुनवायचे, "तात्यांसारखं वाचायला शिका."

थोरल्या बहिणीचं पत्रही तात्यांनी तसंच वाचलं. सुरुवातीला 'आम्ही मजेत', शेवटी 'सवड झाली की ये'. पत्र खणात गेलं.

ती गेल्यावर खण आवरताना त्यांनी मधलं वाचलं. 'डॉक्टर म्हणतात, महिना काढला तरी पुष्कळ. घरात बोलले नाही, तुलाच सांगतेय.'

आता तात्या ओळीखाली बोट धरून वाचतात. दिवसाला वीस पत्रं होतात. साहेब करवादतात. तात्या मान वर न करता म्हणतात, "थांबा, अजून मधलं चाललंय."