चार काट्यांवरची गाडी

धाकट्या भावाच्या बायकोवर मी जितका जळलो तितका आयुष्यात कोणावरच जळलो नाही. शेजाऱ्याने वर मजला चढवला, मेहुण्याने बागायत घेतली, मला काही वाटलं नाही. पण ही बाई माझ्याच गाडीत बसून माझ्यापेक्षा जोरात जायची, आणि वर उतरल्यावर हसून म्हणायची, "भाऊजी, काय झ्याक लावलीय गाडी!"

माझं भिंगारला टायरचं दुकान आहे. झिजलेला टायर पाहून त्याचा मालक ब्रेक कसा मारतो, हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. त्यावरून दोन-चार गिऱ्हाइकं तुटलीही आहेत. गाडी म्हणाल तर एक जुनी, लाल, छोटी. तिचे शॉकअप आणि स्प्रिंगा मी माझ्या हाताने बदलल्या. उसाचा हंगाम संपला की श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्याचं सिमेंटचं यार्ड रिकामं पडतं. तिथे परवानगी काढून आम्ही काही हौशी मंडळी रविवारी प्लास्टिकचे केशरी कोन मांडतो आणि त्यांच्यामधून एकेक गाडी सोडतो. कोन न पाडता सगळ्यांत कमी वेळात येईल तो जिंकला. बरीच वर्षं तो मीच असायचो.

मग भावाचं लग्न झालं. भावजय शाळेत गणित शिकवते. माहेर श्रीगोंद्याकडचंच, उसातलं. एका रविवारी भाऊ म्हणाला, "दादा, हिला एक राउंड मारू दे की." मी मोठ्या मनाने किल्ली दिली. ती आली, आणि घड्याळ बघणारा गृहस्थ माझ्याकडे न बघता दुसरीकडे बघायला लागला. तेव्हाच मला कळलं.

पहिल्यांदा मी म्हटलं, टायर. माझ्या फेरीत ते गार होते, ती बसली तेव्हा तापून चिकट झाले होते. पुढच्या खेपेला मी तिला आधी पाठवलं. तरी तीच पुढे. मग म्हटलं, वजन. ती शिडशिडीत, मी हा असा. मी तिच्या शेजारच्या सीटवर वाळूचं पोतं बांधलं, नियम म्हणून. ती पोतं घेऊन पुढे गेली. भाऊ म्हणाला, "दादा, नाचता येईना अंगण वाकडं. आन् हितं तर अंगण बी सिमेंटचं हाय."

मी चिडलो आणि गाडीच्या मागे लागलो. मागच्या स्प्रिंगा कडक केल्या. मागच्या चाकांत हवा वाढवली, म्हणजे वळणावर गाडीचा मागचा भाग जरा सुटतो आणि तोंड पटकन फिरतं. पुढच्या चाकांचा कोन दुकानातल्या अलाइनमेंटच्या मशीनवर केसाएवढा बदलला. प्रत्येक बदलाने मी थोडा सुधारायचो, आणि ती माझ्या दुप्पट सुधारायची. राबायचं मी आणि पळायचं तिने. जेवताना माझी बायको विचारायची, "आज कुणावर दात खाताय?" मी भाकरीवर म्हणायचो.

शेवटी मी खडूवर आलो. टायरच्या कडेवर खडूच्या रेघा मारायच्या, गाडी पळवून आणायची, आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. जितकी खाली पुसली तितका टायर वळणावर कडेवर लोळला. खडू तिनेच शाळेतून आणून दिला. माझी फेरी झाल्यावर बघितलं तर रेघा पार खालपर्यंत पुसल्या गेलेल्या. मी पुन्हा नव्या मारल्या, हवा तीच ठेवली, आणि तिला पाठवलं. ती माझ्याहून कमी वेळात आली आणि रेघा कडेशी जशाच्या तशा शिल्लक. टायर लोळलाच नव्हता.

"तू स्टेअरिंग फिरवतेस तरी कधी?" मी विचारलं.

"लवकर फिरवते अन् लई थोडं फिरवते," ती म्हणाली. "आमच्याकडं ट्रॅक्टरला उसाचे दोन ट्रेलर असायचे ना भाऊजी. उशिरा वळवलं तर मागून ट्रेलर ढकलतोय."

एवढंच. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, आणि माझ्या छातीत भट्टी पेटली होती. दुसऱ्याचा टायर असता तर मी तोंडावर सांगितलं असतं, की साहेब, दोष गाडीत नाही.

त्याच हंगामात पुण्याच्या हौशी मंडळींचं बोलावणं आलं. तिथे एका गाडीला एकच चालक. घरात सगळे धरूनच चालले होते की मी जाणार. तीसुद्धा म्हणाली, "भाऊजी, तुमचा डबा मी करते."

जायच्या आधी गाडी काट्यावर घ्यायची होती. कांद्याच्या आडतीवरून ओळखीने चार काटे आणले. कांद्याची फोलपटं झाडून ते दुकानात मांडले आणि गवंड्याची पाण्याची नळी लावून एका पातळीत केले. मग प्रत्येक चाकाखाली एक. पुढचं डावं नि मागचं उजवं, पुढचं उजवं नि मागचं डावं, अशा तिरप्या जोड्यांचं वजन सारखं आलं पाहिजे, नाहीतर गाडी डावीकडे एका तऱ्हेने वळते आणि उजवीकडे भलत्याच. स्प्रिंगखालची रिंग फिरवून ते जुळवायचं. आणि जो चालवणार तोच त्या वेळी सीटवर बसलेला लागतो, कारण त्याचं वजनही गाडीचंच असतं.

मी बसलो. भाऊ आकडे वाचू लागला. ती पाना घेऊन चाकाशी उकिडवी बसली होती. समोर काचेतून मला पुण्याच्या त्या गाड्या दिसायला लागल्या, महागड्या, दुसऱ्याकडून लावून घेतलेल्या. त्यांच्यातला कोणीतरी माझ्या गाडीच्या पुढे जाणार आणि मी ते आतून बघणार. ते मला तिच्यापुढे हरण्यापेक्षाही सहन होईना. लोक नंतर म्हणाले की मी मोठेपणा दाखवला. कसला मोठेपणा! जळायला मला तिच्यापेक्षा मोठी माणसं सापडली होती.

मी उतरलो. "तू बस," तिला म्हटलं.

"मी कशाला? गाडी तुमची हाय."

"म्हणूनच सांगतोय. बस."

ती बसली तसे आकडे हलले. मी तिच्या हातातला पाना घेतला आणि रिंगा फिरवत राहिलो, दोन्ही जोड्या एक होईपर्यंत. ती आत हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखी, श्वाससुद्धा जपून घेत होती.

पुण्याला ती आमच्या गटात पहिली आली. लोकांनी विचारलं, गाडी कोणी लावली? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. पाच-सहा जण माझ्याभोवती जमले, स्प्रिंगांचं विचारू लागले, आणि मी सुखावलो. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, मॅडमचा गाडीबरोबर एक फोटो घेऊ या, आणि मोबाईल माझ्या हातात दिला. फोटो मीच काढला. चांगला आला, हेही सांगतो.

परत येताना गाडी मी चालवली. ती दमून मागे झोपली होती. प्रत्येक उजव्या वळणावर मला जाणवत होतं की गाडी किंचित वेगळी वागते आहे. बिघाड काही नव्हता. ती तिच्या वजनावर लावलेली होती आणि आत मी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाना घेऊन मी गाडीखाली गेलो. रिंगांना परत माझ्या जागी आणायला फार वेळ लागला नसता. हात लावला, आणि काढून घेतला. इतकी नेटकी लागलेली गाडी मी याआधी पाहिली नव्हती. ती बिघडवणं माझ्याच्याने होईना.

तेव्हापासून संध्याकाळी मी एकच भाकरी खातो. सकाळी भिंगारच्या बाजारातून पायी फेरी मारतो. बायको विचारते, तब्येत बरी नाही का? मी बरी आहे म्हणतो. त्या चारांतला एक काटा मी आडतीवाल्याकडून मागून दुकानात ठेवला आहे. शटर उघडलं की पहिला मी त्यावर उभा राहतो, आणि तिच्या वजनापासून अजून किती लांब आहे ते बघतो.