माझ्या खिशातला चाप

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. गडावर देवीसमोर हात जोडले तेव्हाही नाही — तिथं बागेचं मागितलं, पोरांच्या नोकऱ्यांचं मागितलं आणि खाली उतरलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

वणीच्या अलीकडच्या एका गावात माझी द्राक्षबाग आहे. गावात मला सगळे अण्णा म्हणतात. कुणाला जुना नांगर, जुनी ट्रॉली रस्त्यानं लांब न्यायची असली की आधी मला बोलावतात. मी भोवती फिरतो, टायर दाबून बघतो. साखळी लावली का? मागं लाल फडकं बांधलं का? उतारावर गिअर काढू नको बरं. माणसं माना डोलावतात. म्हणतात, अण्णांनी डोळ्यांनी बघितलंय, त्यांना विचारा. बघितलंय — ते खरंच आहे. पण असं शिकवत असताना माझ्या तोंडाला गंजलं लोखंड चाटल्यासारखी चव येते. थुंकावंसं वाटतं. आणि तरी मी शिकवतच राहतो.

बारा वर्षं झाली असतील. गावानं गहू-हरभरा सोडून द्राक्षं धरली आणि माझं मळणी यंत्र गोठ्यामागं पडून राहिलं. कोंबड्या बसायच्या त्याच्यावर. नामपूरकडच्या एका शेतकऱ्यानं ते घ्यायचं ठरवलं. खरं तर इतकं जुनं यंत्र टेम्पोत चढवून न्यायचं. पण दोन चाकं आहेत, पुढं दांडा आहे, ओढत नेऊ — हे माझंच डोकं. माझा ट्रॅक्टर बागेतला, छोटा. म्हणून भास्करला बोलावलं.

भास्कर आमच्याच गल्लीतला, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. स्वतःच्या ट्रॅक्टरवर लोकांची कामं करायचा. गाडीच्या बाबतीत फार काटेकोर माणूस. निघायच्या आधी सगळं हातानं चाचपायचा. ट्रॅक्टरचा हुक आणि यंत्राचा दांडा जोडायला एक जाड पिन घालतात, आणि खड्ड्यात ती वर उडू नये म्हणून तिच्या खालच्या भोकात बोटाएवढा एक चाप अडकवतात. त्याचा चाप आदल्या दिवशीच मोडला होता. चापाशिवाय हलणार नाही म्हणाला. म्हणून मी माझ्या ट्रॉलीचा काढून दिला. त्यानं तो लावला, दोनदा ओढून बघितला, आणि घरात पाणी प्यायला गेला.

आता सांगतो. टाळत होतो इतका वेळ.

तो पाणी पीत होता तेव्हा मी वाकलो आणि चाप काढून घेतला. संध्याकाळी ट्रॉलीनं शेणखत आणायचं होतं, आणि मला वाटलं, हा परत द्यायला आठवडा लावेल. इतकंच. यापेक्षा मोठं कारण नव्हतं — असतं तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं. भोकात द्राक्षाच्या मांडवाच्या तारेचा तुकडा घातला, दोन पीळ दिले. बागायतदाराच्या घरी तारेला काय तोटा? चाप शर्टाच्या खिशात टाकला. भास्कर आला, गाडीवर बसला. पुन्हा बघायचं त्याला कारणच काय? स्वतःच्या हातानं तर लावला होता.

मी मोटरसायकलवर मागं. सकाळचे दहा-साडेदहा. कळवणच्या अलीकडच्या उतारावर रस्ता उखडलेला होता. यंत्र एकदा उसळलं, मग दुसऱ्यांदा — आणि सुटलं. दांडा डांबरावर घासत गेला, यंत्र डावीकडं वळलं. तिथं झाडाखाली काकड्या घेऊन सिंधूबाई बसली होती. तिचं नाव तेव्हा मला माहीत नव्हतं. ती उठायला लागली होती. पुरती उठली नाही. डावा पाय चाकाखाली गेला.

मी आधी कुठं धावलो, सांगा. तिच्याकडं?

पिनेकडं. ती ओरडत होती, गडावरून येणाऱ्या जीपमधली माणसं उड्या टाकून तिच्याकडं धावत होती, आणि मी रस्त्यावर पडलेली पिन शोधत होतो. सापडली. भोकात तुटक्या तारेचा पीळ तसाच होता. तो ओढून काढला, गटारात टाकला. पिन जिथं होती तिथं परत ठेवली. किती व्यवस्थित! हात कापतसुद्धा नव्हते. मग मी त्या बाईकडं गेलो आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो, "अरे उचला, उचला!"

भास्कर धावत आला, त्यानं पिन उचलली, उलटीसुलटी करून बघितली.

"अण्णा, चाप? म्या लावला व्हता ना चाप?"

चाप माझ्या छातीवर होता, कापडाच्या एका थरामागं.

"मी दिला तुला," मी म्हणालो. "लावायचं काम तुझं."

"लावला व्हता... लावला असंल ना?"

एखाद्या माणसाला स्वतःच्याच हाताचा संशय येताना तुम्ही कधी बघितलंय? त्याला फार वेळ लागत नाही. समोरचा गप्प राहिला की पुरे. पोलीस येईपर्यंत तो स्वतःच म्हणायला लागला होता, "इसरलो वाटतं मी. पाणी प्यायला गेलो अन् इसरलो."

पोलिसांनी मला विचारलं. मी म्हणालो, चाप मी दिला होता, पुढचं मला माहीत नाही. नाशिकला नेल्यावर सिंधूबाईचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भास्करवर केस झाली, तारखा झाल्या, शिक्षा झाली. त्याचा जामीन कोण राहिला? मीच. आणि तो सुटून आला त्या दिवशी, पारावर चारचौघांत, तो माझ्या पायाशी वाकला तेव्हा मी त्याला उठवलं आणि म्हणालो, "जाऊ दे. माणसाकडून चूक होते." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला माफ केलं होतं. माझ्या चुकीबद्दल मी त्याला माफ केलं! आणि त्या दिवशी बरं वाटलं होतं. छान वाटलं होतं, खरं सांगायचं तर.

तो चाप मी फेकूनही दिला नाही. झिजेपर्यंत ट्रॉलीला वापरला.

भास्करनं ट्रॅक्टर विकला. पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. ओझरला एका गोदामात हमाली धरली. सुट्टीच्या दिवशी तो सिंधूबाईकडं जातो — तिचं घर शाकारून दिलं, सरपण फोडतो, तिला दवाखान्यात नेतो. सुरुवातीला तिनं शिव्या घातल्या, आता त्याला जेवल्याशिवाय सोडत नाही म्हणतात. मी तिच्या दारात एकदाही गेलेलो नाही.

आणि हे सगळं जुनं झालं, असं मला म्हणता आलं असतं. पण मागच्या महिन्याचं ऐका. भास्करची मुलगी, पूजा, शेतीच्या यंत्रांचं शिकतेय. तिला ट्रॅक्टर चालवायचं प्रशिक्षण घ्यायचंय, पुढं स्वतःची यंत्रं घेऊन भाड्यानं कामं करायचीत. हुशार पोरगी आहे, बापासारखीच प्रत्येक नट हातानं चाचपून बघणारी. भास्कर नाही म्हणतो. म्हणून तिनं मला घरी बोलावलं.

"अण्णा, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील ते."

भास्कर भिंतीला टेकून बसला होता. केस पार पिकलेत त्याचे. "नको गं," तो म्हणाला. "आपल्या रक्तातच इसरभोळेपणा हाय. माझ्यानं एकीचा पाय गेला. तुझ्यानं कुणाचा जाईल. इचार अण्णांना."

दोघंही माझ्याकडं बघत राहिले. एक वाक्य पुरलं असतं. त्या घरात दुसरं कुणी नव्हतं, पोलीस नव्हते, पार नव्हता.

"बाप म्हणतोय ते ऐक, पोरी," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली, डोळे लाल होते, पण कप माझ्यापुढं आधी ठेवला. मी तो सगळा प्यालो.