मूळ फाईल माहेरी

पेनड्राइव्ह हातात घेण्याआधी काकू चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "गाव कोणतं?"

लग्नपत्रिका असो की बायोडाटा, भोकरदनच्या बाजार रस्त्यावरच्या त्यांच्या टायपिंगच्या दुकानात पहिला प्रश्न हाच. कारण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये अख्खा तालुका राहत होता. गावाचं फोल्डर, गावात घरं, घरात माणसं. शिवाय तालुक्याबाहेरचं परतूरकडचं वाटूर, एकटंच.

मी पहिल्यांदा गेले ते आमच्या संघटनेचं पत्रक छापायला.

"आम्हाला गाव नाही, काकू. आम्ही चळवळ आहोत."

"व्हय का. मंग चळवळ राह्यला कुठं हाय?"

मी भाषण सुरू केलं. ते ऐकता ऐकता त्यांनी आडनावावरून माझं घर हुडकलं आणि शोषितांच्या मुक्तीचं पत्रक आजोबांच्या विहिरीच्या अर्जाशेजारी ठेवून दिलं.

तुम्हीही पाहिलं असेल, अशा दुकानांत डेस्कटॉपवर जत्रा भरलेली असते: फायनल, नवीन फायनल, खरंच फायनल. काकूंचा डेस्कटॉप कोरा. "अंगणात कुणी कपाट ठेवतं का?" स्क्रीनच्या तळाची घड्याळाची पट्टी त्यांनी उचलून वर नेली होती. "पायाशी घड्याळ कोण बघतं?" आणि शोधायच्या चौकटीत त्यांनी कधी एक अक्षर टाकलं नाही. "शोधावं लागलं म्हंजे ठेवलंच न्हाई बराबर."

मी त्या वेळी मुक्त सॉफ्टवेअरने पेटलेली. पुढच्याच आठवड्यात विंडोजच्या जागी टाकायला लिनक्स घेऊन दुकानात हजर झाले.

"हे कुणा एकाच्या मालकीचं नाही, काकू. सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांचं म्हंजे बिघडलं की बोलायचं कुणाला?"

"मला."

"मंग टाक."

प्रिंटर चार दिवस रुसला आणि काकू मला मनसोक्त बोलल्या. पण पट्टी वर राहते हे दिसल्यावर त्यांनी क्रांतीला मान्यता दिली.

एकदा त्यांची गावं चाळताना मी भडकले. लग्न झालेल्या पोरी सासरच्या गावात दिसत होत्या.

"काकू, तुम्हीसुद्धा? लग्न झालं की बाईने मुक्काम हलवायचा?"

"डोळे उघडून बघ की. चिन्हाच्या कोपऱ्यात बाण हाय. शॉर्टकट हाय तो. मूळ फाईल माहेरी. सासरी कुणी उडवला तरी पोरीचं काही जात न्हाई."

मी त्याच दुपारी त्यावर पत्रक लिहून आणलं. काकूंनी ते टाइप केलं आणि उद्गारचिन्हं एकेक करून काढली. "वरडून काय राह्यली एवढी?" एक मात्र ठेवलं, माझं मन राखायला.

त्यांना धास्ती एकाच गोष्टीची. कुणी मूळ फाईलच हलवली तर? "मूळ हललं की बाण आंधळा होतो, पोरी. मंग तिला कुठं हुडकायचं?"

गुडघे गेले तसं मुलाने त्यांना पुण्याला बोलावलं. दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याने घेतलं, त्याला जुना कॉम्प्युटर नकोच होता. सगळा तालुका मी माझ्या लॅपटॉपवर उतरवला. काकू शेजारी बसून होत्या, एकेक गाव उतरताना बघत.

"गावं मोडू देऊ नको. आन् पट्टी?"

"वरच ठेवते."

त्या पुण्याला गेल्यावर मी भोकरदन उघडलं, त्यांचं घर उघडलं. त्यांच्या नावाच्या चिन्हावर बाण होता. इतक्या वर्षांचा संसार, दुकान, दोन बाळंतपणं, सगळं इथलं, आणि इथे काकू शॉर्टकट. मी बाणावर क्लिक केलं. वाटूर उघडलं. परकर-पोलक्यातली एक मुलगी, शाळेच्या फोटोत, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. गाव विचारल्यासारखी.

मी एक नवं फोल्डर केलं: पुणे. त्यात काकूंचं नाव ठेवलं, कोपऱ्यात बाण असलेलं.

वाटूरला हात लावला नाही.