साडेचारला बंद पडणारं मशीन

कडुबाच्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याच्या मशीनकडे बघतो, मग माणसाकडे. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. मी नवी साडी नेसून गेले तर त्याला दिसत नाही, पण माझ्या मशीनचा आवाज जरा बदलला की भिंतीपलीकडून ओरडतो, "दीपमालाताई, ड्रम गेला तुमचा!" ड्रम खरंच गेलेला असतो. मला त्याचाच जास्त राग येतो.

क्रांती चौकातून आत वळलं की दुसऱ्या बोळात आमची ही दोन दुकानं. कडुबाला छपन्न वर्षं झाली असतील. पूर्वी तो वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. तिथे मालनबाई म्हणून झाडलोट करणारी एक बाई होती. तिने तक्रार केली, की अमुक एक मशीन हाताला चावतंय, म्हणजे करंट मारतंय. कडुबाने टेस्टर लावला, तो काही पेटला नाही. त्याने रजिस्टरमध्ये 'ठीक आहे' असं लिहिलं आणि सही केली. नवव्या दिवशी मालनबाई त्याच मशीनला चिकटून गेली. चौकशीत कुणी त्याला दोष दिला नाही. त्याने आपणहून नोकरी सोडली आणि चाळिशीनंतर कंप्युटर दुरुस्ती शिकला.

तेव्हापासून त्याला ही भीतीच बसली आहे. आपण ठीक म्हणायचं आणि मागे कुणाचा तरी जीव जायचा. त्यामुळे बिघाड सापडल्याशिवाय तो मशीन परत देत नाही. गिऱ्हाईकं वैतागतात. "भाऊ, तुम्ही डॉक्टर असता तर पेशंट दवाखान्यातच म्हातारे झाले असते," असं मी त्याला म्हणते. तो हसत नाही.

फेब्रुवारीत विश्वजीत आला. चिकलठाण्याचा पोरगा, चोवीसचा, रात्रपाळीची नोकरी करणारा. दुपारी उठायचं आणि गेम खेळायचे, हे त्याचं आयुष्य. दोन वर्षं एकेक भाग जमवून त्याने स्वतः मशीन जुळवलं होतं. एका बाजूला काच, आत निळे दिवे, तीन पंखे. देव्हाऱ्यालासुद्धा कुणी एवढी रोषणाई करत नाही.

"काका, लई त्रास झालाय. गेम चालू असताना फटकन बंद पडतं. कधी निळा स्क्रीन येतो, कधी नुसताच अंधार."

कडुबाने रॅम काढून पुसून बसवला, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, पॉवर सप्लाय दुसरा लावून बघितला. मग तीन दिवस मशीन दुकानात गेम चालवत ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. विश्वजीतने घरी नेलं आणि त्याच दिवशी परत फोन केला. असं दोनदा झालं. कडुबाचा चेहरा उतरला. जेवणाचा डबा तसाच परत न्यायला लागला.

तिसऱ्या खेपेला विश्वजीतने वहीचं एक पान आणलं. त्यावर मशीन बंद पडल्याच्या वेळा लिहिल्या होत्या. चार बत्तीस. चार एकतीस. चार पस्तीस. चार बत्तीस. पानभर तेच.

"आमचे आजोबा साडेचारलाच गेले," तो म्हणाला आणि हसला. ते हसू मला काही खरं वाटलं नाही. "दिवाळी झाल्यावर. मागं पाण्याच्या मोटारीजवळ पडले. हार्ट अ‍ॅटॅक. तवापासूनच हे असं चालू हाय. आजी म्हणती, तेच येतात."

"आजीला कसं कळतं?" कडुबाने विचारलं.

"हात धरतात म्हणती. मागच्या नळापाशी. हाताला मुंग्या येतात तिच्या."

कडुबाने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. इतकी वर्षं मी त्याला बघते आहे, पण त्याचे ओठ असे पांढरे पडलेले कधी पाहिले नव्हते. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेचार वाजले होते.

विश्वजीतने मशीन रिक्षात घातलं, कडुबा माझ्या स्कूटीवर मागे बसला. मी दुकानाचं शटर का ओढलं, ते विचारू नका. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण कुणी दाखवत असेल तर बघायला मी पुढे असते.

घर विमानतळाच्या अलीकडे, रो-हाऊसच्या रांगेतलं शेवटचं. ऊन असं पडलं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दार विश्वजीतच्या वडिलांनी, राजेंद्रभाऊंनी उघडलं. मागच्या अंगणात लाल-राखाडी ब्लॉक बसवलेले, ते त्यांनी आम्हाला कौतुकाने दाखवले. "दिवाळीच्या आधीच घातले. पूर्वी लई चिखल व्हायचा. आता कसं चकाचक!" अंगणाच्या कडेला पाण्याचा हौद, त्याच्यावर मोटार, आणि भिंतीतून निघालेल्या लोखंडी पाइपाला एक नळ.

कडुबाने नळाला टेस्टर लावला. पाइपाला लावला. मग आत जाऊन फ्रिजला लावला, वर जाऊन विश्वजीतने नुकत्याच जोडलेल्या मशीनला लावला. टेस्टर कुठेच पेटला नाही. राजेंद्रभाऊ हसून म्हणाले, "बघा, काय नाय. पोराच्या मशीनमधीच खोट हाय." कडुबा टेस्टर हातात धरून अंगणात उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता हा माणूस इथेच बसेल आणि उठणार नाही. त्याची मला फार दया आली.

साडेचारला सारजाबाई बाहेर आल्या. विश्वजीतची आजी. एवढीशी बाई. केस विंचरून घट्ट अंबाडा घातलेला, तोंड धुतलेलं, पातळ घडीचं. पायात रबरी चपला. कुणाच्या तरी घरी जायला निघावं तशा त्या तयार झाल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. भिंतीवरचं बटण दाबून रोजच्यासारखी मोटार लावली. मोटार घुमायला लागली. मग त्या नळाजवळ गेल्या, हौदातून सांडलेल्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि नळावर तळहात ठेवला.

"आले का?" त्या हळूच म्हणाल्या.

वरून विश्वजीत ओरडला, "गेलं! काका, गेलं, बंद पडलं!"

सारजाबाईंचे डोळे मिटलेले. हात कोपरापर्यंत थरथरत होता. आणि चेहऱ्यावर हसू होतं. माझ्या पाठीतून थंडी गेली. भर उन्हात, शपथेवर सांगते.

"कुणी हात लावू नका त्यांना!" कडुबा ओरडला आणि मीटरकडे धावला. त्याने मेन खाली ओढला. मोटार थांबली. सारजाबाईंनी डोळे उघडले, आपल्या तळहाताकडे बघितलं आणि कडुबाकडे अशा रागाने पाहिलं की मीच मागे सरकले.

"घालवलं ना त्यांना?" त्या म्हणाल्या.

कडुबाने राजेंद्रभाऊंना विचारलं, "अर्थिंगचा खड्डा कुठंय?"

"त्या कोपऱ्यात व्हता. बाबा उन्हाळ्यात त्यात मीठ अन् बादलीभर पाणी टाकायचे. पाण्याची एवढी बोंब, तरी टाकायचे. ब्लॉकवाल्यानं बुजवला तो."

राजेंद्रभाऊंनी स्वतःच पहार आणून चार ब्लॉक उचकटले. खाली सुकलेली माती आणि तिच्यात तांब्याची पट्टी, कापलेली. ब्लॉक सपाट बसावेत म्हणून कुणीतरी ती कापून टाकली होती.

कडुबा गुडघ्यावर बसून म्हणाला, "मोटारीतून करंट गळतोय. तो या पट्टीतनं जमिनीत जायचा. पट्टी तुटली, आता घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या तारा एकमेकींना जोडलेल्या, पण जमिनीला एक बी नाय. मोटार लागली की करंट नळात येतो, फ्रिजमधी येतो, पोराच्या मशीनमधी येतो. मोटार बंद तर काहीच नाय. आजीच्या पायात चप्पल हाय म्हणून नुसत्या मुंग्या आल्या. नायतर..."

सारजाबाई इतका वेळ ऐकत होत्या.

"आमचे हे चप्पल घालायचे नाय," त्या म्हणाल्या. "मोटार लावताना अनवाणीच असायचे. सवय व्हती त्यांना."

दिवाळीच्या आधी ब्लॉक, दिवाळीनंतर आजोबा. मला एवढा हिशेब जमला, तर बाकीच्यांना जमायला किती वेळ लागणार होता? राजेंद्रभाऊ दोन्ही हातांत एक ब्लॉक धरून उभे होते. तो खाली ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"म्हंजे यांना बी..." सारजाबाई कडुबाकडे बघत होत्या.

"नाय आजी," कडुबा चटकन म्हणाला. "मोटार आत्ता आत्ता गळायला लागली. पंधरा दिवस बी झाले नसतील. त्यांचं दुखणं हृदयाचंच."

तेवढ्यात विश्वजीत जिना उतरून आला. "पण काका, माझं मशीन तर दिवाळीपासनं..."

"तुझ्या मशीनचं वेगळं हाय!" कडुबा त्याच्यावर खेकसला. "त्याचा रॅम खराब व्हता. माझ्या ध्यानात आलं नाय, माझी चूक."

त्या रॅममध्ये काही दोष नव्हता. तो त्याने माझ्यासमोर तीन वेळा तपासला होता. एखाद्या मशीनबद्दल कडुबा खोटं बोलला, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

राजेंद्रभाऊंनी ब्लॉक खाली ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसले. पट्टी जोडून, मोटार सोडवून होईपर्यंत संध्याकाळ झाली. आम्ही निघालो तेव्हा सारजाबाई फाटकापर्यंत आल्या. कडुबा पुढे गेला होता. त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा होता.

"पोरी, त्याला म्हणावं, ते काय रॅम का काय, ते खरंच बदलून दे. राजेंद्र उद्या पुन्हा विचारंल."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी कडुबा नवा रॅम घेऊन पुन्हा चिकलठाण्याला गेला. मीही गेले. त्याने मशीन उघडून चांगला चालणारा रॅम काढला आणि राजेंद्रभाऊंच्या हातात दिला. "हा बघा. हा खराब व्हता."

राजेंद्रभाऊंनी तो उलटासुलटा करून बघितला.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"नक्की," कडुबा म्हणाला.

राजेंद्रभाऊंनी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि बराच वेळ खिशावरून हात काढला नाही.