अर्धं नख

याकूबचाचा कुठलीही सायकल हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारत, "काय न्यायचंय?" मंडईमागच्या गल्लीतल्या त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्याकडे भावाची गिअरची सायकल होती. तिला ना कॅरिअर, ना स्टँड, ना मडगार्ड. मी म्हटलं, "काही नाही."

"काही नाही न्यायला चालत जावं, मॅडम."

मग मी ऑफिसच्या बॅगेबद्दल सांगितलं. वारज्याहून शेअर रिक्षानं जाताना शेजारचे लोक बोलायला लागतात, हे मात्र सांगितलं नाही. दहा दिवसांनी जुन्या भागांतून जोडलेली काळी लेडीज सायकल माझ्यासाठी उभी होती. चेनकव्हर, घंटी आणि बॅग आडवी बसेल एवढं रुंद कॅरिअर.

त्यांच्याकडून जाणारी प्रत्येक सायकल अशी ज्याच्या त्याच्या कामाच्या मापाची असे. फुलवाल्याच्या सायकलला पुढे जाळी. चाव्या करणाऱ्याच्या सायकलला मधल्या दांड्यावर पेटी. अंडी पोहोचवणाऱ्या शोभाताईंच्या कॅरिअरवर तर चाचांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या विणल्या होत्या, ट्रे हादरू नयेत म्हणून. व्यायामासाठी सायकल हवी म्हणणाऱ्याला ते शांतपणे विचारत, "घरात जिना नाही का?"

शनिवारी सुट्टी असली की मी तिथल्या बाकावर जाऊन बसू लागले. कोणी मला काही विचारत नसे, म्हणून बरं वाटे. अशाच एका शनिवारी त्यांनी एक चाक फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आउट आहे का बघा."

चाक फिरताना बाजूला डोलतं, ती आउट. चावीनं तारा कसून ती काढायची असते. चाचा रिमजवळ अंगठ्याचं नख धरत आणि डोलणं नखात मोजत.

"थोडी आहे," मी म्हटलं.

"थोडी म्हणजे? पाव नख, अर्धं, पाऊण?"

पाऊण म्हणजे नक्की किती, हे मला आठवून बघावं लागलं.

"इंग्लिश मिडियम," ते म्हणाले. "असू दे. डोळ्यांना मिडियम नसतं."

त्यांना काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "कोणाला बोलू नका," ते म्हणाले, "पण लोक या चाकावर पोट बांधून निघतात. वाकडं चाक मी सोडणार नाही. तुम्ही बघा, मी कसतो." मी हो म्हटलं. सात-आठ महिने आमचं तसं चाललं. मी "डावीकडे पाव" म्हणायचे आणि ते बोटांनी नेमकी तार शोधायचे. आमचं बहुतेक बोलणं एवढंच.

मग शोभाताईंचं मागचं चाक आलं. त्या दिवशी चाचांची बोटं चुकत होती. डावीकडची आउट काढली की उजवीकडे निघायची. दीड तास झाला, त्यांचा सदरा पाठीला चिकटला. "आता?" त्यांनी विचारलं. अर्धं नख होती. मला दिसत होती. पण चौथ्यांदा 'आहे' म्हणायला माझी जीभ उचलेना.

"ठीक आहे," मी म्हटलं.

मंगळवारी भरल्या ट्रेंच्या वजनाखाली त्या चाकाच्या तारा तुटल्या. चाक अडकलं आणि शोभाताई पडल्या. मनगट मोडलं. पुढच्या शनिवारी मी गेले, तेव्हा ते चाक स्टँडवर लावलेलं होतं, तुटलेल्या तारा बदलून.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

ते बराच वेळ रिमवरून बोट फिरवत राहिले. "मला वाटायचं, तुम्ही कमी बोलता म्हणजे खरं बोलता."

मी उठून जावं असं मला वाटलं. पण त्यांनी चाक फिरवलं आणि विचारलं, "आउट आहे?"

"आहे. उजवीकडे, पाऊण."

त्यांनी तारा कसल्या. "आता?"

"अर्धं."

दुपार होईपर्यंत ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. अर्ध्याच्या खाली ती आलीच नाही. शेवटी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आहे, चाचा. अजून अर्धं."

त्यांनी चावी खाली ठेवली. "बस. आता ती माझ्या हातून निघायची नाही." चाक समोरच्या दुकानात द्यायला सांगितलं. त्या दुकानदाराला ते वर्षानुवर्षं 'पंक्चरमास्तर' म्हणत आले होते. "त्याला सांगा, याकूबनं पाठवलंय. आणि काढून झाल्यावर तुम्ही बघून घ्या."

मी चाक देऊन परत आले, तोवर त्यांनी शटर ओढलं होतं. ते लेकीकडे कात्रजला जायचं म्हणत होते. बसथांब्यापर्यंत सोडते, म्हटलं. त्यांनी माझं कॅरिअर तळव्यानं दाबून पाहिलं आणि एका बाजूला पाय सोडून बसले. मागे माणूस बसवून मी कधीच सायकल चालवली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती, मी हळूहळू पायडल मारत राहिले.

"मागचं चाक कसं चाललंय, बेटा?" त्यांनी विचारलं.

मी थांबले, सायकलवर त्यांना तसंच बसवून खाली उतरले आणि सायकल थोडी पुढे ढकलत वाकून मागचं चाक बघितलं.

"सरळ आहे."

"मग चल," ते म्हणाले.