बारा कोंबड्या आणि एक निष्कर्ष

गल्लीत त्यांना सगळे ग्रॅमकाका म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, तराजू पुसले, बर्नर पेटवले. प्रयोग मात्र दुसऱ्यांनी केले. जन्मभर वाढप्याचं काम करावं आणि स्वतः पानावर बसायचं राहून जावं, तसं त्यांचं झालं होतं. वहीत ‘निष्कर्ष’ लिहायची पाळी त्यांच्यावर कधीच आली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांची नजर बायकोच्या बारा गावरान कोंबड्यांवर गेली. विकतचं खाद्य महाग, आणि ते खाऊन बलक इतका फिकट की ऑम्लेटलाही लाज वाटावी. परसात शेवगा होता. त्याचा पाला वाळवून, कुटून, शंभर भाग खाद्यात दहा भाग भुकटी मिसळायची, असं काकांनी ठरवलं.

पहिला पाला गच्चीवर उन्हात वाळवला, तर त्याची पार तंबाखू झाली. सावलीत वाळवायला हवा होता. घरात सावलीची ऐसपैस जागा एकच होती, ती म्हणजे पलंग.

"कोंबड्यांचा पाला गादीवर आणि आपण खाली सतरंजीवर," बायको म्हणाली. "महिनाभर काय करायचं ते करा. त्यानंतर माझा पलंग मला परत."

काकांनी खुराड्यात मधोमध जाळी ठोकली. सहाजणींच्या पायात हिरवा दोरा, त्यांना पाल्याचं खाद्य. उरलेल्या सहाजणींना साधं. दोन्हीकडचं खाद्य रोज तोलून. भुकटी उडते म्हणून पाण्याचा शिपका देऊन, तोही मोजून. शेजारचा शिंपी कुंपणावरून म्हणालाच, "काका, कोंबडीच्या कंबरेचं माप हवं असेल तर टेप देतो."

विसाव्या दिवशी वहीत नोंद झाली: ‘साध्या बाजूला रोज खाद्य उरते. कारण?’

तिसाव्या दिवशी काकांनी दोन पांढऱ्या बशांत दोन अंडी फोडली. एक हिरव्या दोऱ्यावालीचं, एक साधीचं. दोन्ही बलक सारखेच गडद केशरी. आणखी दोन फोडली, तरी तेच. गुडघ्यांवर बसून त्यांनी जाळी तपासली. मुंगी जाईल एवढंही भोक नव्हतं. मग ते वही उघडून बसले. ‘निष्कर्ष: पाल्याने फरक पडत’ इथवर लिहिलं, आणि पुढचा ‘नाही’ काही हातून उतरेना. आयुष्यात एक प्रयोग केला, तोही असा.

बायकोने चहा आणून ठेवला. "आठ ग्रॅम साखर घातलीय."

काकांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा ती समोर बसली.

"अहो, तुम्ही दुपारी झोपलात की मी त्या साध्या खाद्याच्या सहाजणींना शेवग्याच्या डहाळ्या टाकत होते."

"रोज?"

"रविवारी जरा जास्त."

"अगं, पण का?"

"एकीला हिरवंगार वाढायचं आणि जाळीपलीकडचीने नुसतं बघत बसायचं? असला पंक्तिप्रपंच माझ्या हातून व्हायचा नाही. कोंबड्या असल्या म्हणून काय झालं."

काकांनी खिडकीतून पाहिलं. स्वयंपाकघराच्या बाजूने शेवगा पार भुंडा झाला होता. डब्यातली भुकटी त्यांनी रोज तोलली होती. झाड तोलायचं राहिलं होतं.

मग त्यांनी अर्धं वाक्य खोडलं आणि चहा संपवला.

"बरं. या महिन्यात बाराही जणींना पाला. पुढच्या महिन्यात कोणालाच नाही. मग बलक पुन्हा फिकट होतात का ते बघू. म्हणजे तुझा पंक्तिप्रपंचही नको."

"आणि पलंग?"

"एक महिना आणखी."

तिने रिकामी कपबशी उचलली. "पाल्याच्या महिन्याचं ठरलं," ती जाता जाता म्हणाली. "बिनपाल्याचं तेव्हा बघू."

काकांनी वहीचं नवं पान काढलं. उद्देश लिहिला, साहित्य लिहिलं. मग ‘दक्षता’ असं लिहून खाली ठळक रेघ मारली, आणि पुढे लिहिलं: ‘प्रयोगकाळात दुपारी झोपू नये.’