मी या बाईंना ओळखते

वकिलीची सनद मिळण्याआधी मी चाकणला एका वकिलांकडे टायपिंग करत होते. वडील पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सकाळी लॉ कॉलेज आणि दुपारी टायपिंग, असं चाललं होतं. एकदा वकिलांनी एक कुलमुखत्यारपत्र माझ्यापुढे सरकवलं. निघोजे गावी माहेरीच राहणाऱ्या एका विधवा बाईंनी तिथल्या जमिनीतला आपला हिस्सा विकण्याचे अधिकार भाच्यांना दिले होते. अंगठा आधीच उमटवलेला होता. बाई समोर नव्हत्या.

"खाली गाडीत बसल्यात. जिना चढवत नाही त्यांना. ओळख पटवणारी म्हणून सही कर."

खाली जाऊन बघायला दोन मिनिटं लागली असती. 'मी या बाईंना व्यक्तिशः ओळखते' या ओळीखाली मी सही केली आणि पुढचा कागद टाइप करायला घेतला. खरं सांगायचं तर तो दिवस मी विसरूनही गेले.

दहा-अकरा वर्षांनी मी कामगारांच्या केसेस लढत होते तेव्हा नांदेडकडचा, इथल्या कारखान्यातला एक प्रेस ऑपरेटर बायकोला घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली होती. माल लवकर निघावा म्हणून हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर काढून ठेवला होता. ठेकेदाराचं म्हणणं, हा माणूस त्या शिफ्टला नव्हताच. ठेकेदार म्हणजे आमच्या भागातले पुढारी. सगळे त्यांना भाऊ म्हणत. कंपन्यांना माणसं पुरवणं त्यांच्याकडे, जमिनींचे व्यवहार त्यांच्याकडे, आणि आता ते निवडणुकीला उभे राहणार होते. पण 'सेन्सर काढ, मी बघून घेतो' हा सुपरवायझरचा मेसेज ऑपरेटरच्या मोबाइलमध्ये होता, त्याच शिफ्टचा. केस भक्कम होती.

भाऊंनी मला त्यांच्या संपर्क कार्यालयात बोलावलं. बाहेर माणसांची रांग होती, पण मला थेट आत घेतलं. चहा आला. मग त्यांनी एक झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली.

"ताई, ही सही तुमचीच ना?"

मी पाहिलं. निघोज्याच्या त्या कुलमुखत्यारपत्रावरची माझीच सही होती.

"त्या दिवशी म्हातारी गावातून हललीच नव्हती," ते अगदी मायेनं म्हणाले. "अंगठा दुसऱ्याच बाईचा. आम्हाला माहीत आहे, कारण व्यवहार आमचाच. पण आमची कुठं सही नाही. तुमचे वकीलसाहेब वारले. राहिलात तुम्ही."

"तुम्हाला काय पाहिजे?"

"काही नाही. पुढच्या तारखेला आजारी पडा."

मी आजारी पडले. त्या तारखेला मी घरात दार लावून बसले. दोन दिवसांनी ऑपरेटरची बायको डब्यात पेज घेऊन आली. मला ताप आलाय असं तिला वाटत होतं. "मॅडम, तुमी आराम करा. आमचं काय, अजून एक तारीख," ती म्हणाली. ती गेल्यावर मला ती पेज खाववेना आणि टाकवेना.

पुढच्या तारखेलाही मी गेले नाही. मग भाऊंचा निरोप आला. ऑपरेटर कामावर नव्हता, तो घरी अपघात होऊन जखमी झाला, असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं. तो माझ्यावर विश्वास ठेवून कुठंही सही करेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. तो कागद मी टाइप केला. प्रिंट काढली. आठवडाभर ती माझ्या पर्समध्ये होती. भोसरीच्या पुलाखाली सिग्नलला थांबले की वाटायचं, मागून एखादा ट्रक यावा आणि सगळंच मिटावं.

शेवटी मी निघोज्याला गेले. का, ते नीट सांगता येणार नाही. ज्या बाईला ओळखते असं मी लिहून दिलं होतं, तिला मी एकदाही पाहिलं नव्हतं.

ती अंगणात लसूण सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती सोलायची थांबली.

"म्हंजी म्या अंगठा दिलाच न्हाई?"

"नाही, आजी."

"मी बोंबलून सांगत व्हते. तर भाचं म्हणायचं, आत्ते, तू इसरलीस. गाव म्हणायचं, म्हातारी इसरली. पुढं पुढं मलाबी वाटाया लागलं, व्हय, मीच येडी झाले." तिचा आवाज चढत गेला. "जमीन गेली ती गेली, बाई. पर माझं डोस्कं सुदिक न्हेलं तुमी."

मी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं पाय मागे घेतले.

"पाया नगं पडू. चल. त्यांच्या दारात सांग."

भाच्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिनं माझं मनगट धरून मला तिथवर नेलं. दारात उभी राहून मी सगळं मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या बायका बाहेर आल्या. भाचे शिव्या देत होते, आणि म्हातारी एकेकीकडे बघून म्हणत होती, "ऐका. नीट ऐका."

त्यानंतर मी कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं. सही माझी, पण पटवलेली ओळख खोटी, बाई हजर नव्हत्या. भाऊंनी मला काय सांगितलं, कशासाठी सांगितलं, तेही लिहिलं. ऑपरेटरला बोलावून खरं काय ते सांगितलं आणि त्याची फाइल परत केली.

"तारखेला तुमी मुद्दाम आला न्हाईत?" त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं डाव्या हातानं फाइल उचलली. बायको दारापाशी थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि त्याच्या मागून निघून गेली. ते दोघं मला पुन्हा भेटले नाहीत. त्यांनी दुसरा वकील केला. तो ऑपरेटर त्या शिफ्टला कामावर होता, असं कोर्टानं मान्य केल्याचं मला एका ओळखीच्या कारकुनाकडून कळलं. भाऊ अपिलात गेले.

भाऊ निवडून आले. 'बदनामीला जनतेचं उत्तर' असे फ्लेक्स चाकण चौकात महिनाभर होते. म्हातारीच्या जमिनीवर गोदाम उभं आहे आणि तिचा दावा चालू आहे. माझी सनद निलंबित झाली. फौजदारी खटल्यात सध्या तरी मी एकटीच आरोपी आहे. भाऊंविरुद्धचा तपास 'चालू आहे', एवढंच कळतं.

तिच्या दाव्याच्या मागच्या तारखेला म्हातारी साक्षीला आली होती. मी मागच्या बाकावर बसले होते. तिच्या वकिलांनी विचारलं, अंगठा तुमचा आहे का? "न्हाई," ती म्हणाली. भाच्यांच्या वकिलांनी विचारलं, वय झालं, विसरला असाल. तेव्हा ती कठड्याला धरून सरळ उभी राहिली. "न्हाई म्हणलं ना," ती म्हणाली. न्यायाधीशसाहेबांनी ते लिहून घेतलं. ती जाताना माझ्या बाकाजवळून गेली, पण माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पुढची तारीख पडली आहे.